अर्धवट भरलेल्या वेव्हगाइडमधील खोटे मोड: ते कुठून येतात आणि उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा

आपण विचारलेल्या प्रश्नाचा गाभा असा आहे. आयताकृती वेव्हगाइडचे (तरंग वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीचे) मोड, म्हणजे तिच्यात तरंग ज्या ठरावीक क्षेत्ररचनांनी वाहू शकतो त्या, काढण्यासाठी आपण स्वतः फायनाइट एलिमेंट पद्धतीचा, म्हणजे काटछेदाचे लहान त्रिकोण करून समीकरण सोडवणारा, प्रोग्राम लिहिला. रिकाम्या वेव्हगाइडची कटऑफ वारंवारता (जिच्याखाली मोड वाहत नाही ती) पुस्तकातील सूत्राशी जुळली. मात्र निम्मा काटछेद डायइलेक्ट्रिकने (वीज न वाहणाऱ्या पदार्थाने) भरून चुंबकीय क्षेत्राचे तिन्ही घटक नोडवर, म्हणजे त्रिकोणांच्या शिरोबिंदूंवर, घेतले, तेव्हा उत्तरात असंख्य विचित्र मोड आले आणि मेश (त्रिकोणांची जाळी) बारीक केल्यावर ते कमी होण्याऐवजी वाढले. आता दंड-पद (नको असलेल्या उत्तरांना महाग करणारे जादा पद) मिसळून हे मोड घालवावेत का, मेश किती बारीक ठेवावी आणि शेवटी आलेल्या आकड्यावर भरवसा कसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि पहिल्याचे उत्तर नीट समजले तर उरलेल्या दोन्हींचे बरेचसे उत्तर त्यातच मिळते.

रिकाम्या वेव्हगाइडमध्ये अडचण का आली नाही, तेथून सुरुवात करू. काटछेदात एकच माध्यम असेल तर मोड टीई (अक्षाच्या दिशेने विद्युत क्षेत्र नसलेले) आणि टीएम (अक्षाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र नसलेले) अशा दोन गटांत स्वच्छ विभागले जातात आणि प्रत्येक गटासाठी अक्षाच्या दिशेतील एकाच घटकाचे अदिश हेल्महोल्ट्झ समीकरण सोडवावे लागते. अदिश समीकरणाला नोडवर आधारलेले साधे त्रिकोणी एलिमेंट अगदी योग्य असतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील पीटर सिल्व्हेस्टर यांनी १९६९ मध्ये वेव्हगाइडसाठी ही पद्धत वापरली ती याच स्वरूपात, आणि त्या कामाचे निष्कर्ष आजही तसेच लागू आहेत. परंतु दोन माध्यमे आली की सीमेवरील अटी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना एकत्र बांधतात, सर्वसाधारण मोड टीई आणि टीएम यांची सरमिसळ असतात आणि सदिश समीकरणाला सामोरे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तेव्हा आपल्या प्रोग्रामची खरी परीक्षा रिकाम्या वेव्हगाइडवर झालीच नव्हती, ती येथे सुरू होते.

सदिश समीकरण म्हणजे क्षेत्राच्या कर्लचा (भोवऱ्यासारखे फिरणे मोजणाऱ्या क्रियेचा) कर्ल बरोबर तरंगांकाचा (दर मीटरला कला किती रेडियन बदलते त्याचा) वर्ग गुणिले माध्यमाचा गुणांक गुणिले क्षेत्र. डाव्या बाजूच्या या क्रियेचा एक गुणधर्म येथे निर्णायक आहे: कोणत्याही अदिश फलाच्या ग्रेडियंटवर (फल कोणत्या दिशेने किती बदलते ते सांगणाऱ्या सदिशावर) ती चालवली तर उत्तर शून्य येते. असे ग्रेडियंट अनंत आहेत, म्हणून समीकरणाला शून्य आयगेनव्हॅल्यू (समीकरणातून निघणारी तरंगांकाच्या वर्गाची किंमत) असलेली अनंत उत्तरे आहेत. ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने वैध आहेत, फक्त ती तरंग नव्हेत. आयगेनव्हॅल्यू शून्याहून वेगळी असेल तर दोन्ही बाजूंचे डायव्हर्जन्स (क्षेत्र बाहेर पसरण्याचे माप) घेतल्यावर गॉसचा नियम आपोआप पाळला जातो, त्यासाठी वेगळी अट घालावी लागत नाही. म्हणजे मूळ समीकरणात खरे मोड आणि हा शून्याचा ढीग यांच्यामध्ये स्पष्ट अंतर आहे.

हे अंतर आपल्या प्रोग्रामात बुजते. क्षेत्राचे तिन्ही घटक नोडवर घेऊन ते सर्व दिशांनी अखंड ठेवले की त्या अवकाशात शुद्ध ग्रेडियंट फारसे बसतच नाहीत, कारण तुकड्यातुकड्याने रेषीय असलेल्या फलाचा ग्रेडियंट एका त्रिकोणातून शेजारच्या त्रिकोणात जाताना कडेला लंब दिशेने उडी घेतो. प्रोग्रामला शून्य आयगेनव्हॅल्यू असलेले ग्रेडियंट हवे असतात, ते नेमके मांडता येत नाहीत, म्हणून त्यांच्याजवळपासचे काहीतरी तो उभे करतो आणि त्याची आयगेनव्हॅल्यू शून्य न राहता वर सरकते. अशा सरकलेल्या किमती खऱ्या मोडच्या पट्ट्यात येऊन मिसळतात, आणि यांनाच आपण खोटे मोड म्हणतो. मेश बारीक केली की नोड वाढतात, नोड वाढले की अंदाजाने मांडायचे ग्रेडियंट वाढतात, म्हणून खोटे मोडही वाढतात. आपल्याला दिसलेली वाढ ही प्रोग्राममधील किरकोळ चूक नव्हे. निवडलेला अवकाश या समीकरणाला मानवणारा नाही, याची ती खूण आहे.

दंड-पदाचा मार्ग याच अडचणीतून निघाला. रहमान आणि डेव्हिस यांनी १९८४ मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या मांडणीत डायव्हर्जन्सच्या वर्गाचे पद एका वजनाने गुणून मिळवले. त्यामुळे डायव्हर्जन्स असलेली उत्तरे महाग पडतात आणि त्यांच्या आयगेनव्हॅल्यू वर ढकलल्या जातात. खोटे मोड यात नाहीसे होत नाहीत, जागा बदलतात. वजन बदलून प्रोग्राम पुन्हा चालवला तर खरे मोड जवळजवळ स्थिर राहतात आणि खोटे हलतात, त्यावरून ते ओळखता येतात. आपल्या आयताकृती चाचणीत हा उपाय चालेल, कारण काटछेद बहिर्वक्र आहे, डायइलेक्ट्रिकची सीमा सरळ भिंतीपासून भिंतीपर्यंत जाते आणि चुंबकीय क्षेत्र कोठेही अमर्याद होत नाही. पण येथे चालला म्हणून तो सर्वत्र चालेल असे धरू नये. रिज वेव्हगाइडसारख्या रचनेत धातूचा कोपरा आत शिरलेला असतो. अशा काटकोनी कडेजवळ क्षेत्र अंतराच्या उणे एक-तृतीयांश घातानुसार वाढते आणि नोडवर अखंड ठेवलेल्या अवकाशाला दंड-पदाच्या बंधनाखाली त्या क्षेत्रापर्यंत पोहोचताच येत नाही. मेश कितीही बारीक केली तरी उत्तर स्थिरावते, आणि ते चुकीच्या किमतीवर स्थिरावते. माझ्या मते या पद्धतीचा हाच सर्वांत गंभीर दोष आहे. खोटा मोड निदान विचित्र दिसतो. स्थिरावलेली चूक मात्र बरोबर उत्तरासारखीच दिसते. म्हणून नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने दंड-पदावर वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

योग्य उपाय म्हणजे एज एलिमेंट. नेडेलेक यांनी १९८० मध्ये ते मांडले, आणि त्यांचा पाया व्हिटनी यांच्या १९५७ च्या भूमितीतील कामात आहे, हे बोसाव्हित यांनी १९८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय गणन करणाऱ्यांच्या लक्षात आणून दिले. येथे अज्ञात राशी नोडवर नसून त्रिकोणाच्या कडेवर असते, आणि ती म्हणजे त्या कडेवरील स्पर्शी घटक. कडेच्या दोन टोकांची शेप फंक्शन (आपल्या टोकावर एक आणि इतर नोडवर शून्य असणारी रेषीय फले) घ्यावीत, पहिल्याला दुसऱ्याच्या ग्रेडियंटने गुणावे आणि त्यातून दुसरे गुणिले पहिल्याचा ग्रेडियंट वजा करावे, की त्या कडेचे आधारफल तयार होते. शेजारच्या त्रिकोणांत स्पर्शी घटक अखंड राहतो, लंब घटकाला मात्र उडी घेण्याची मोकळीक असते. डायइलेक्ट्रिकच्या सीमेवर विद्युत क्षेत्र नेमके असेच वागते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की नोडवरील रेषीय फलांचे सर्व ग्रेडियंट या अवकाशात अचूक बसतात, त्यामुळे शून्याचा ढीग शून्यावरच राहतो आणि खऱ्या मोडमध्ये मिसळत नाही.

वेव्हगाइडसाठी याचे सोयीचे रूप ली, सन आणि सेंडिस यांनी १९९१ मध्ये दिले. काटछेदातील विद्युत क्षेत्र एज एलिमेंटवर आणि अक्षाच्या दिशेतील घटक साध्या नोडवरील एलिमेंटवर घ्यायचा. आडव्या, म्हणजे काटछेदातील, घटकाला बीटाने, म्हणजे अक्षाच्या दिशेतील तरंगांकाने, गुणून नवे चल केले की वारंवारता दिल्यावर बीटाचा वर्ग हीच आयगेनव्हॅल्यू होते आणि बीटाचा पहिला घात समीकरणात उरत नाही. दिलेल्या वारंवारतेला कोणते मोड वाहतात हेच अभियंत्याला हवे असते, म्हणून ही मांडणी मला सर्वांत उपयुक्त वाटते. यातही बीटाच्या वर्गाची शून्य किंमत अनेकदा येते, पण तिची संख्या ठरलेली असते: अक्षीय घटकाचे जितके मोकळे नोड, तितकीच. ही संख्या जुळली नाही तर मॅट्रिक्स जोडण्यात कोठेतरी चूक आहे, असे निश्चित समजावे.

आता आपल्याच उदाहरणावर आकडे मांडू, कारण या चाचणीचे उत्तर कागदावर काढता येते आणि म्हणूनच ती अनमोल आहे. डब्ल्यूआर-९० या प्रमाणित मापाच्या वेव्हगाइडचा आतील काटछेद २२.८६ मिमी गुणिले १०.१६ मिमी असतो. रिकामे असताना पहिल्या मोडची कटऑफ वारंवारता ६.५५७ गिगाहर्ट्झ, त्यानंतरची १३.११ गिगाहर्ट्झ. १० गिगाहर्ट्झला मुक्त अवकाशातील तरंगांक २०९.६ रेडियन प्रति मीटर आणि रिकाम्या वेव्हगाइडमधील तरंगलांबी ३९.७ मिमी येते. आता रुंदीचा डावा अर्धा भाग, म्हणजे ११.४३ मिमी, तळापासून वरपर्यंत २.२५ सापेक्ष परावैद्युतांकाच्या, म्हणजे साधारण पॉलिथिनसारख्या, पदार्थाने भरला असे धरू. उंचीच्या दिशेने काही बदलत नाही, म्हणून प्रमुख मोडमध्ये विद्युत क्षेत्राचा उभा घटक तेवढा असतो. अट अशी येते की डायइलेक्ट्रिकमधील आडवा तरंगांक गुणिले त्याच्या व जाडीच्या गुणाकाराचा कोटँजंट, अधिक हवेच्या बाजूची तशीच राशी, बरोबर शून्य. ते समीकरण सोडवल्यावर बीटा सुमारे २४७.६ रेडियन प्रति मीटर येतो. म्हणजे वेव्हगाइडमधील तरंगलांबी सुमारे २५.४ मिमी झाली. डायइलेक्ट्रिकमध्ये आडवा तरंगांक १९३.८ आहे आणि हवेच्या भागात क्षेत्र मीटरमागे १३१.८ या दराने विझत जाते. ऊर्जा डायइलेक्ट्रिकच्या बाजूला ओढली गेल्याचे त्यावरून दिसते.

या वारंवारतेला दुसरा एकही मोड वाहत नाही. म्हणून प्रोग्रामने बीटाच्या वर्गाची एकच धन किंमत द्यायला हवी, सुमारे ६१,२९० प्रति चौरस मीटर. दुसरी धन किंमत आली तर ती खोटी आहे. शिवाय हानिरहित बंद वेव्हगाइडमध्ये बीटाचा वर्ग मुक्त तरंगांकाच्या वर्गाला सर्वांत मोठ्या परावैद्युतांकाने गुणून येणाऱ्या किमतीपेक्षा, येथे सुमारे ९८,८३० पेक्षा, मोठा असूच शकत नाही. आयगेनव्हॅल्यू शोधणाऱ्या सॉल्व्हरला शिफ्ट, म्हणजे ज्या किमतीभोवती शोधायचे ती, द्यायची तीही याच किमतीजवळ, म्हणजे प्रमुख मोड आधी हाती येतात आणि शून्याच्या ढिगात तो अडकत नाही. अर्पॅक किंवा व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठात विकसित झालेले स्लेप्सी या आयगेनव्हॅल्यू काढणाऱ्या तयार प्रोग्रामांपैकी काहीही वापरले तरी शिफ्ट-इन्व्हर्ट पद्धतच घ्यावी. सर्व लांबी मिलिमीटरमध्ये घेतली तर मॅट्रिक्समधील आकडे फार विषम राहत नाहीत, हीदेखील छोटी पण उपयोगी सवय आहे.

एज एलिमेंट लिहिताना सर्वाधिक चुका कडेच्या दिशेत होतात. एकच कड दोन त्रिकोणांत येते आणि दोघांनी तिची दिशा एकच मानली पाहिजे. लहान क्रमांकाच्या नोडकडून मोठ्या क्रमांकाच्या नोडकडे, हा नियम संपूर्ण मेशसाठी एकदा ठरवावा आणि प्रत्येक त्रिकोणात त्यानुसार चिन्ह बदलावे. हे बरोबर झाले की नाही ते तपासण्यासाठी एक चाचणी मी नेहमी सर्वांत आधी करायला सांगतो. नोडवरील किमतींवरून कडांवरील फरक देणारे मॅट्रिक्स तयार करावे. त्याच्या प्रत्येक ओळीत फक्त एक उणे एक आणि एक अधिक एक असतो. कर्लपासून आलेल्या मॅट्रिक्सला त्याने गुणावे. उत्तर संगणकाच्या अचूकतेपर्यंत शून्य आले पाहिजे, जवळपास शून्य नव्हे. ते आले तर ग्रेडियंट खरोखर शून्यात जातात याची खात्री पटते. न आले तर पुढचे काहीही चालवण्यात अर्थ नाही. त्यानंतर रिकाम्या काटछेदावर फक्त आडव्या क्षेत्राचा प्रश्न तरंगांकाच्या वर्गासाठी सोडवून शून्य आयगेनव्हॅल्यू मोजाव्यात. धातूच्या भिंतीच्या आत जितके नोड, तितक्याच शून्य किमती यायला हव्यात. काटछेदात दुसरा सुटा वाहक असेल, उदाहरणार्थ कोॲक्शियल (नळीच्या मध्यातून तार जाणारी) रचना, तर एक शून्य जास्त येते. तो टीईएम मोड (विद्युत आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रे काटछेदातच असलेला) असतो आणि त्याला खोटा म्हणून टाकून देऊ नये.

मेश किती बारीक ठेवावी, याचे एका आकड्यात उत्तर देणे मी टाळतो. माध्यमातील तरंगलांबीचा दहावा भाग हा प्रचलित अंदाज आपल्या उदाहरणात २ मिमी देतो, आणि सुरुवातीला तो पुरेसा आहे. त्याआधी एक गोष्ट मात्र अपरिहार्य आहे: डायइलेक्ट्रिकची सीमा त्रिकोणांच्या कडांवरूनच गेली पाहिजे, कोणत्याही त्रिकोणाला तिने मधून कापता कामा नये. पुढे खरे काम अभिसरण, म्हणजे मेश बारीक होताना उत्तर खऱ्या किमतीकडे किती वेगाने जाते ते, पाहण्याचे आहे. क्षेत्र गुळगुळीत असेल तर पहिल्या श्रेणीच्या एलिमेंटमध्ये त्रिकोणाचा आकार निम्मा केल्यावर आयगेनव्हॅल्यूतील चूक सुमारे चौपटीने घटते आणि दुसऱ्या श्रेणीत सोळापटीने. आपल्या अर्धवट भरलेल्या आयतात नेमके असेच दिसायला हवे, २४७.६ च्या जवळ येणे पुरेसे नाही, ते या वेगाने जवळ आले पाहिजे. रिज वेव्हगाइडच्या काटकोनी कडेपाशी मात्र एकसारखी मेश वापरली तर चूक फक्त अडीचपटीने घटते आणि एलिमेंटची श्रेणी वाढवूनही हा वेग सुधारत नाही. तेथे कोपऱ्याकडे क्रमाक्रमाने लहान होत जाणारे त्रिकोण घ्यावेत, आणि मेश तयार करणाऱ्या जेमेशसारख्या मोफत साधनात ते करणे अवघड नाही. ज्याच्या प्रोग्रामात अभिसरणाचा वेग अपेक्षेपेक्षा कमी दिसतो त्याने आधी काटछेदातील कोपरे पाहावेत आणि मगच संगणकाची स्मृती वाढवण्याचा विचार करावा.

अचूकतेबाबत आणखी एक सावधगिरी. आयगेनव्हॅल्यूची चूक क्षेत्राच्या चुकीच्या वर्गाइतकी असते. त्यामुळे बीटाचे चार अंक स्थिर झाले तरी क्षेत्राचे कदाचित दोनच अंक विश्वसनीय असतात. क्षीणन, प्रतिबाधा किंवा दोन वेव्हगाइडमधील युग्मन या राशी क्षेत्रावरून काढायच्या असतात, म्हणून त्यांचे अभिसरण स्वतंत्रपणे पाहावे. तांब्याच्या भिंतीतील हानी काढताना धातूच्या आत मेश नेण्याची गरज नसते. १० गिगाहर्ट्झला तांब्यात तरंग सुमारे ०.६६ मायक्रोमीटर इतकाच शिरतो, म्हणून आदर्श भिंत धरून आलेल्या चुंबकीय क्षेत्राचा स्पर्शी घटक आणि पृष्ठीय रोध यांवरून हानी काढणे योग्य ठरते. रिकाम्या डब्ल्यूआर-९० साठी ती मीटरमागे सुमारे ०.११ डेसिबल यायला हवी. मोड परस्परांशी शक्तीच्या दृष्टीने लंबरूप आहेत का, म्हणजे एकाचे विद्युत क्षेत्र आणि दुसऱ्याचे चुंबकीय क्षेत्र यांचा काटछेदावरील अक्षीय गुणाकार शून्य येतो का, ही तपासणीही क्षेत्राच्या दर्जाबद्दल पुष्कळ काही सांगते.

काटछेद उंचीच्या मध्यावर सममित आहे, तेव्हा निम्माच भाग सोडवून वेळ वाचवता येतो. प्रमुख मोडसाठी मध्यरेषा विद्युत भिंत, म्हणजे विद्युत क्षेत्राचा स्पर्शी घटक शून्य असलेली, मानावी. मात्र तेवढेच केले तर विरुद्ध सममितीचे मोड उत्तरात येणारच नाहीत, म्हणून चुंबकीय भिंतीसह (जेथे चुंबकीय क्षेत्राचा स्पर्शी घटक शून्य असतो) दुसऱ्यांदा सोडवावे. वारंवारता बदलत नेताना मोडचा माग क्रमांकावरून ठेवू नये. आधीच्या वारंवारतेच्या क्षेत्राशी आच्छादन पाहून ठेवावा, कारण वक्र एकमेकांजवळ आल्यावर क्रम उलटतो.

पुढे आपण खुल्या रचनांकडे, उदाहरणार्थ १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी वापरल्या जाणाऱ्या ४५० गुणिले २२० नॅनोमीटरच्या सिलिकॉन वेव्हगाइडकडे वळलात, तर एज एलिमेंट तसेच राहतील, पण बाहेरची सीमा बेरेंजर यांनी १९९४ मध्ये सुचवलेल्या शोषक थराने बंद करावी लागेल. तो थर स्वतःचे मोड निर्माण करतो. त्यांचा या लेखातील खोट्या मोडशी संबंध नाही. थराची जाडी बदलल्यावर ते हलतात आणि बंदिस्त मोड हलत नाहीत, एवढ्यावरून ते वेगळे काढता येतात. बंदिस्त मोडचा परिणामी अपवर्तनांक बाहेरच्या काचेच्या १.४४४ आणि सिलिकॉनच्या सुमारे ३.४८ यांच्या दरम्यान असतो, हीदेखील चाळणी म्हणून वापरता येते.

शेवटी अशा मोडबद्दल, जे खोटे वाटतात पण खरे असतात. हानिरहित वेव्हगाइडमध्ये डायइलेक्ट्रिक काटछेदाचा काही भागच व्यापत असेल तर बीटाचा वर्ग सम्मिश्र (वास्तव आणि काल्पनिक भाग असलेल्या) संख्यांच्या जोडीने येऊ शकतो. डायइलेक्ट्रिकची सळई ठेवलेल्या गोल वेव्हगाइडमध्ये असे सम्मिश्र मोड १९६० च्या दशकात क्लॅरिकोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. जोडीतील दोन मोड मिळून काही अंतरावर विझतात, निव्वळ शक्ती वाहून नेत नाहीत, पण वेव्हगाइडच्या सांध्याचे विश्लेषण करताना त्यांना वगळले तर उत्तर चुकते. माध्यमात हानी नाही म्हणून सम्मिश्र किंमत आली की ती अंकीय दोष समजून गाळून टाकणारी ओळ प्रोग्रामात घालू नये. आपल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेल्या आयतात मात्र प्रश्न प्रत्येक दिशेने एकमितीय स्वसंलग्न समीकरणांत सुटतो, त्यामुळे तेथे बीटाचा प्रत्येक वर्ग वास्तव यायला हवा. त्याच चाचणीत सम्मिश्र जोडी दिसली तर ती चूकच आहे, आणि तिचा शोध कडांच्या चिन्हांपासून सुरू करावा.